हत्तीच्या भावाचा मोगरा

फुलवालीने मला खरा भाव सांगितला, तेव्हाच मी ओळखलं की आपलं आता काही खरं नाही.

बायकोचं तेरावं होऊन गेलं होतं. त्यानंतरचा पहिला शुक्रवार. फोटोला माळ हवी म्हणून मी कोपऱ्यावर गेलो. बस थांब्याच्या मागे पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, एक बुटकं देऊळ आहे. त्याच्या भिंतीला पाठ लावून ही बाई बसते. पुढ्यात फळी, फळीवर ओलं फडकं, फडक्यावर मोगऱ्याच्या माळांची वेटोळी. मी म्हटलं, एक हात दे. तिने मोजली, केळीच्या पानात बांधली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीस रुपये, अय्या."

तीस. म्हणजे अगदी तीसच. हा व्यवहार साठाला सुरू होऊन तीसाला संपताना मी बघत आलो होतो. मधे निदान पाव तास जायचा, दोन-चार बायका जमायच्या, कुणाचे तरी आई-बाप निघायचे. आज तो तीसाला सुरू झाला आणि तीसालाच संपला. मला नीट उभं राहायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

पैसे दिले, घरी आलो, फोटोला माळ घातली आणि बसून राहिलो. ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घराशी लोक हळू आवाजात बोलतात, हे ठाऊक होतं. भावसुद्धा हळू बोलतो, हे नव्हतं ठाऊक.

मी शिकलेला नाही. सातवीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, दुसरं काहीतरी बघ. वेल्डिंग शिकलो. रेल्वेच्या कारखान्यात भरती निघाली ती मद्रासला, म्हणून सांगलीकडचं गाव सोडून इथे आलो. बायको एक ट्रंक आणि पाटा-वरवंटा घेऊन मागून आली. तेव्हापासून इथेच. मद्रासचं चेन्नई झालं, आमचे केस पांढरे झाले, मुलगा इथेच वाढला आणि त्याने इथलीच बायको केली. तो पहाटे कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरला जातो आणि संध्याकाळी येऊन झोपतो. सून बँकेत आहे. ती मला मामा म्हणते आणि सासूला अत्तै म्हणायची, त्यांच्यात सासू-सासऱ्यांना तसंच म्हणतात. आपल्याकडेही मामंजी म्हणायचेच की. मराठी ती सासूकडून शिकली, त्यामुळे टोमणे तिला सगळे येतात, बाकीचं जेमतेम. ही वही तिनेच आणून दिली. म्हणाली, "मामा, तेच तेच चार वेळा सांगता. एकदा लिहून काढा."

तर लिहितो. फुलवाली बोलते तमिळ, मी लिहिणार मराठीत. तिचं बोलणं मला कळतं. चाळीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला तमिळमधल्या दोन गोष्टी पक्क्या येतात, शिव्या आणि आकडे. बाजारात आणखी काही लागत नाही.

इथे सुटी फुलं तोलून देतात, पण गुंफलेली माळ हाताने मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळम. आपल्याकडे जुनी माणसं दोरखंड मोजायची, तसाच हात. आता प्रश्न असा की हात कुणाचा. विकणारीचा. आणि या बाईचे हात देवाने धंदा बघूनच केलेले. आखूड, गुबगुबीत, कोपर संपतं न संपतं तोच बोटं सुरू.

आमची ही उंच. हात इतके लांब की लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, चला, माळ्यावरचं काढायला शिडी नको. इथे बायका रोज केसात मोगरा माळतात. हिलाही ती सवय लागली. पहिल्याच दिवशी तिने माळ घेतली आणि स्वतःच्या हाताला लावून बघितली. तीन बोटं कमी. तिथून जे भांडण सुरू झालं ते चाळीसेक वर्षं चाललं.

तेव्हा हिला तमिळचा गंध नव्हता. फुलवालीने बोटांनी भाव दाखवला की ही मराठीत म्हणायची, "अव्वाच्या सव्वा सांगतेस होय गं?" ती तमिळमध्ये काहीतरी ऐकवायची. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यामुळे काही अडतही नव्हतं. मी सायकल धरून बाजूला उभा. मग दुसऱ्या गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून हिने तमिळ उचललं. सगळ्यात पहिलं उचललं ते हे: "आनै विलै, कुदिरै विलै." हत्तीचा भाव, घोड्याचा भाव. भाव ऐकून डोळे पांढरे व्हायची वेळ आली की इथे असं म्हणतात. आणि फुलवालीने आमच्याकडून अव्वासव्वा उचललं. कोयंबेडूच्या ठोक बाजारात फुलं महागली की ती हिच्याकडेच रडगाणं गायची, "काय सांगू अम्मा, आज तिकडे नुसतं अव्वासव्वा."

ही म्हणायची, "म्हणून मला आनै विलै सांगणार होय? तिकडे जाऊन भांड की."

"तिकडे भांडायला तुमच्यासारखी जीभ कुठून आणू?"

रीत ठरलेली होती. आधी भाव. मग हत्ती-घोडा. मग ही पाठ फिरवून चालायला लागायची. भरभर नाही, अगदी सावकाश, रस्त्यात काही सांडलंय का बघत चालल्यासारखी. सातव्या पावलाला मागून हाक यायची, "वांग अम्मा, वांग." या, या. ही लगेच वळायची नाही. आणखी दोन पावलं टाकायची आणि मग वळायची. पुढे हाताच्या लांबीचं भांडण, आणि शेवटी वर चार सुटी फुलं.

मला लाज वाटायची. माणूस कारखान्यातून दमून आलेला, चहाचा पत्ता नाही, आणि ही पाच रुपयांसाठी रस्त्यात नाटक लावून उभी. एकदा मी खिशातून नोट काढून सरळ फळीवर ठेवली. म्हटलं, घे बाई, आणि सोड आम्हाला. दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. घरी येताना ही म्हणाली, "अहो, भाव म्हणजे नमस्कार असतो. समोरच्याने केला की आपण उलटा करायचा. नमस्कार खिशात घालून निघून जातं का कुणी?"

मी म्हटलं, "तिने हत्तीचा भाव सांगितला होता."

"मग? मुंगीचा सांगितला असता तर मी काय बोलणार होते तिच्याशी?"

मी पडलो लोखंडाचा माणूस. मला मोघम चालत नाही. हत्तीचा भाव म्हणजे नक्की किती? आणि एकदा हत्ती म्हटल्यावर पुढे घोडा कशाला? हत्ती महाग, घोडा त्याहून स्वस्त. महागाई सांगताना माणूस चढत जातो, की उतरत येतो? हिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला घ्यायचाय का?" मग मी हट्टालाच पेटलो.

एका मोठ्या देवळात दर्शनाला गेलो होतो, तिथे हत्ती होता. डोक्यावर सोंड ठेवून घ्यायची आणि नाणं द्यायचं. मी नाणं दिलं आणि माहुताला विचारलं, बाबा रे, हा केवढ्याला पडतो? तो म्हणाला, विकत नाही. म्हटलं, माहीत आहे, पण समजा. तो म्हणाला, समजायचंसुद्धा नाही, कायदा आहे. म्हटलं, बरं, महिन्याचं खाणं किती? त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "अय्या, तुम्ही बकरी बघा."

म्हणजे हत्तीला भावच नाही. राहिला घोडा. रविवारी आम्ही समुद्रावर गेलो. तिथे पोरांना वाळूत फिरवून आणायला घोडे असतात. घोडेवाला म्हणाला, एक फेरी इतकी. मी म्हटलं, फेरी नको, घोडा केवढ्याला? त्याने आधी माझ्या चपला बघितल्या, मग हिच्या बांगड्या, आणि एक आकडा सांगितला. आकडा ऐकून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आनै विलै, कुदिरै विलै."

तो म्हणाला, "घोडाच आहे, अय्या. घोड्याचा भाव नाही सांगणार तर काय वांग्याचा सांगू?"

ही वाळूत बसली ती हसून हसून उठेनाच. आम्ही निघालो तर तो घोडा घेऊन मागे. दर दहा पावलांना भाव उतरवतोय. बस थांब्यापर्यंत त्याने घोडा निम्म्यावर आणला होता. ही म्हणाली, "चाला भरभर. आणखी थोडं चाललो तर फुकट पडेल गळ्यात. दुसऱ्या मजल्यावर कुठे बांधायचा?"

त्यानंतर घरात काहीही महाग आलं की ही विचारायची, "घोड्यापेक्षा जास्त की कमी?"

एका पट्टीचं सांगायचं राहिलं. हाताच्या लांबीचं रोजचं भांडण ऐकून मी एकदा कंटाळलो. म्हटलं, हे मोजमापाचं काम आहे, यात जीभ कशाला? रविवारी हिला भिंतीपाशी बसवलं. कोपर भिंतीला टेकव म्हटलं, बांगड्या वर सरकवल्या, मधल्या बोटाच्या टोकाशी खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तेवढी स्टेनलेसची पट्टी कापली. भंगारातली होती, सरकारचं काही बुडालं नाही. कडा घासून गोल केल्या, टोकाला भोक पाडलं. केसाइतकासुद्धा फरक नव्हता. मोठ्या ऐटीत घेऊन गेलो आणि फळीवर ठेवली. म्हटलं, हा आमचा हात. आजपासून यानेच मोजायचं.

फुलवालीने पट्टी उचलली, उलटीसुलटी केली आणि हिला परत दिली. म्हणाली, "फुलं लोखंडाने मोजतात का, अम्मा? कोमेजतील."

आणि आमची ही, जिच्यासाठी मी हे सगळं केलं ती, म्हणाली, "मी हेच सांगत होते यांना."

पट्टी स्वयंपाकघरात खिळ्याला गेली. खिडकी अडवायला, वरचा डबा पुढे ओढायला, माझ्याकडे रोखून बोलायला उपयोगी पडायची.

शेवटचे एकवीस दिवस ती दवाखान्यात होती. बिल हत्ती, घोडा आणि वर अंबारी. काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला. मी आकडा वाचला आणि म्हटलं, "बरं." चाळीस वर्षांत जिने मला एक कोथिंबिरीची जुडी भाव न करता आणू दिली नाही, ती वर नळ्या लावून पडलेली, आणि मी खाली म्हणतोय बरं. वर गेलो. तिने विचारलं, "किती झालं?" मी निम्मं सांगितलं.

"काही कमी केलं का?"

"केलं."

"तुम्ही बोललात?"

"बोललो."

"काय बोललात?"

"आनै विलै म्हणालो."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "मग केलंच असेल." त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

तर असा मी, आणि अशी ती तीस रुपयांची माळ.

दोन-तीन महिने गप्प देत राहिलो. तिच्या साड्या सुनेने वाटून टाकल्या. चष्मा मीच कपाटात आत सारला. तिचं म्हणून चालू असलेलं एकच काम शिल्लक होतं, ते म्हणजे हे भांडण, आणि तेही फुलवालीने बंद करून टाकलं होतं. दुसरीकडे फुलं मिळत नव्हती असं नाही. आमच्या अण्णा नगरात दर चौकात एक फुलवाली आहे. पण दुसरीला काय माहीत की मी कुणाचा नवरा.

म्हटलं, सुरुवात आपण करावी. पुढच्या शुक्रवारी तिने तीस म्हटल्याबरोबर मी म्हणालो, "आनै विलै, कुदिरै विलै."

ती दचकली. माझ्या सदऱ्याकडे बघितलं. सदऱ्याला एक बटण नव्हतं. म्हणाली, "वीस द्या, अय्या."

वीस तर तिला घरात पडत नसणार. मला वाटलं, आवाज कमी पडला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी जोर लावून म्हटलं. ती म्हणाली, "दहा." तिसऱ्या शुक्रवारी मी तोंड उघडायच्या आतच पुडी हातात दिली आणि म्हणाली, "राहू द्या. पेन्शन आली की बघू."

माझी पेन्शन वेळेवर येते हे मी तिला तीनदा सांगितलं. तिने तीनदा मान हलवली, भिकाऱ्याने माझी साखर कारखानदारी आहे म्हणावं आणि आपण हो म्हणावं, तशी. घरी सून म्हणाली, "मामा, तुम्ही त्या बाईला लुटताय." मग मी मुकाट तीस द्यायला लागलो आणि तोंड बंद ठेवलं. गेलेल्या माणसाच्या नवऱ्याने काय करायचं, तर तोंड बंद ठेवायचं.

असं करत वर्ष भरत आलं. वर्षश्राद्धाचा दिवस आणि इथल्या लग्नांचा मोठा मुहूर्त नेमका एकाच दिवशी. सकाळी गेलो तर फळीपुढे सहा-सात बायका. माझ्या पुढे एक रेशमी साडीवाली, घाम पुसत उभी, लग्नाला निघालेली. तिने विचारलं, "कसं मोळम?"

"एकशे वीस."

तिने भांडून बघितलं, पण गडबडीत होती, पाठ फिरवायला वेळ नव्हता. एकशे वीस मोजले. मग माझी पाळी. फुलवाली खाली बघत म्हणाली, "तीस, अय्या."

रेशमी साडीवाली गेली नव्हती. पिन लावत बाजूलाच उभी होती. "यांना तीस आणि मला एकशे वीस? यांच्यासाठी वेगळ्या झाडाचा मोगरा आहे का?"

"तुम्ही जा, अम्मा, लग्नाला उशीर होईल."

"होऊ दे. आधी सांग."

फुलवालीने इकडे तिकडे बघितलं. सगळ्याच बायका थांबल्या होत्या. मग ती म्हणाली, "यांच्या घरची अम्मा वर्षापूर्वी गेली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी रिक्षा थांबवून माझ्याकडे आली. या पिळ्ळैयारसमोर माझा शब्द घेतला. म्हणाली, माझा माणूस येईल, त्याला आनै विलै सांगू नकोस. तो एक तर सांगितलेले पैसे देऊन टाकेल, नाहीतर तुझी फळी उलथवेल. मधलं त्याला येत नाही."

सहा बायका एकदम माझ्याकडे वळल्या. रेशमी साडीवालीने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पावम." बिचारा. मागून आणखी दोघी म्हणाल्या, पावम.

मी माळ न घेता घरी आलो. सरळ फोटोपुढे उभा राहिलो. म्हटलं, चाळीस वर्षं मी आगीशी खेळलो. फोरमनला तोंडावर गाढव म्हणालो आणि तरी पेन्शन घेतली. आणि मला चार फुलं आणता येत नाहीत? रस्त्यात रिक्षा थांबवून सांगायची गोष्ट आहे ही? मला न सांगता माझा सौदा करून गेलीस. तीस रुपयांना.

सून आत खीर ढवळत होती. तिथूनच म्हणाली, "मामा, अत्तै खोटं तर नाही बोलल्या. मधलं तुम्हाला येत नाही."

टोमणे तिला सगळे येतात, हे मी वर लिहिलंच आहे.

तिच्या डोक्यावर, खिळ्याला, पट्टी लटकत होती. मी हात लांब करून ती काढली. सून म्हणाली, "कुणाला मारायला निघालात?" ते मलाच नक्की माहीत नव्हतं.

कोपऱ्यावर अजून गर्दी होती. बायका बदलल्या होत्या, घाई तीच. मी बायकांमधून वाट काढली आणि पट्टी फळीवर ठेवली. म्हटलं, "तू शब्द दिलास तो पैशाचा. हाताचा नव्हता. हा हात तिचा आहे. याने मोज."

फुलवालीने हात पदराला पुसले. पट्टी उचलली. लगेच ओळखली तिने, वीस वर्षं झाली असतील तरी. स्वतःच्या कोपराला एक टोक लावून पट्टी हातावर धरली. दुसरं टोक तिच्या बोटांच्या पुढे तीन बोटं बाहेर आलं.

"काय लांब हात होता बाईचा," ती म्हणाली.

मग पट्टी मांडीवर ठेवली. भांड्यातलं पाणी घेऊन फुलांवर शिंपडलं. फुलं ओलीच होती. पुन्हा शिंपडलं. एक बाई म्हणाली, अगं दे ना लवकर. तिच्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

"याच हाताने मोजायचं?"

"याच."

"मग माझा शब्द सुटला. तो शब्द तुमच्यासाठी होता. या हाताचा भाव वेगळा आहे."

"किती?"

"दोनशे."

दोनशे ऐकून माझे कान गरम झाले. रेशमी साडीवालीला एकशे वीस, आणि मला, सदऱ्याला एक बटण कमी असलेल्या पेन्शनर माणसाला, दोनशे. मी ताठ उभा राहिलो. म्हटलं, "आनै विलै, कुदिरै विलै." जन्मात पहिल्यांदा ते बरोबर जागी पडलं. आणि पाठ फिरवली.

सावकाश चालायचं हे मला माहीत होतं. चाळीस वर्षं बघितलं होतं. पण पाय पडले कारखान्याचे, भोंगा झाल्यासारखे सुटले. सातवं पाऊल केव्हा गेलं कळलंच नाही. थांबलो तेव्हा पार नारळपाण्याच्या गाडीपाशी आलो होतो. मागे हाक नाही. मी वाकून चपलेचा अंगठा नीट केला. तो नीटच होता. हाक नाही. नारळवाल्याने विचारलं, "पाणी की मलई?" मी म्हटलं, थांब जरा, मी कामात आहे.

मग लक्षात आलं की पट्टी तिच्याकडेच राहिली. आता हाक आली नाही तरी मला परत जायलाच हवं, आणि स्वतःहून परत आलेल्या गिऱ्हाइकाची या बाजारात काय पत असते ते मी पुरतं ओळखून होतो. ही असती तर म्हणाली असती, आयुधं टाकून पळालात. नारळाच्या ढिगाकडे बघत उभा राहिलो. माळ गेली तर गेली, पट्टी कशी मागायची, याचा विचार करत होतो.

"योव, पेरुसु."

योव म्हणजे आपल्याकडचं "ओ शहाणे". पेरुसु म्हणजे थेरडा. वर्षभर सगळे मला अय्या म्हणत होते, सार म्हणत होते, पावम म्हणत होते. मी वळलो. ती पट्टी हवेत धरून उभी होती.

"अम्मांचा हात माझ्याकडे टाकून निघालास कुठे?"

मी परत गेलो. दोन पावलं जास्त टाकायची असतात, ते विसरलोच. म्हटलं, "बोल, शंभर."

"दोनशे वीस."

"आत्ता दोनशे होते."

"तू नारळ मोजत होतास तेवढ्यात दोघी घेऊन गेल्या. माल कमी झाला."

"चाळीस वर्षं या आखूड हातांनी आम्हाला कापलंस. त्याच्यावर मजला चढवला असशील घरावर."

"मजला? पत्रा गळतोय माझा. वेल्डर ना तू? ये, लावून दे."

"लावतो. वर चढायची शिडी तुझ्याकडून. शंभर."

"तुझ्या बापाने घेतला होता का शंभराला, मुहूर्ताच्या दिवशी?"

माझ्या बापाने जन्मात मोगरा घेतला नव्हता, तेही मी तिला ऐकवलं. बायका जमल्या. एक माझ्या बाजूने झाली, दोघी तिच्या. कुणीही पावम म्हणालं नाही. शेवटी एकशे साठाला पटलं. तिने माळ पट्टीवर धरून मोजली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ताणून. लोखंडाला टेकल्याने फुलं कोमेजली नाहीत. मी म्हटलं, वर काय? तिने तीन सुटी फुलं टाकली. चौथं मी उचललं. तिने माझ्या हातावर चापट मारली, पण फूल घेतलं नाही परत.

घरी आलो. सून दारातच. "कितीला?"

"एकशे साठ."

"एक मोळम?" ती खिरीचा डाव हातात धरून उभीच राहिली. "मामा, आनै विलै."

"कुदिरै विलैसुद्धा," मी म्हटलं, आणि पट्टी खिळ्याला लावली.

माळ फोटोला घातली. तीन बोटं जास्तीची होती, ती खाली चौकटीच्या बाहेर लोंबत राहिली. चार सुटी फुलं पुढे ठेवली. ती किती विचारणार हे मला माहीतच होतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. म्हटलं, ऐंशीला आणली. हो, केलं कमी. मीच बोललो.

तिने दवाखान्यात घेतलं होतं तसंच ऐकून घेतलं.